नवऱ्याचा लिथुआनियन पोशाख: शिवणकामाच्या नोंदी

19 जानेवारी 2025, कौनस, लिथुआनिया

नवरा ज्या गायनवृंदात गातो, त्यांनी यंदा ठरवलंय की 6 जुलैला, म्हणजे इथल्या राज्यदिनाला, भाड्याचे पोशाख आणायचे नाहीत. ज्याने त्याने आपापला करून घ्यायचा. आमच्या घरात शिलाई मशीन आहे आणि ते चालवणारी बायकोही आहे, त्यामुळे चर्चा फार लांबली नाही.

भाड्याचे पोशाख मी इथे आल्यापासून बघतेय. सगळ्या पुरुषांना एकसारख्या बंड्या, पॉलिएस्टरच्या विजारी, छातीवर मशीनचं भरतकाम. लांबून बरे दिसतात, आणि ते लांबून दिसण्यासाठीच बनलेले असतात. 1940 साली निघालेल्या 'लिएतुवा' या नाचगाण्याच्या सरकारी संचासारख्या मोठ्या मंडळींना शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी वेशभूषा लागायची, तिचाच कित्ता पुढे गावोगावच्या नाचगाण्याच्या गटांनी गिरवला. 1960 नंतर लोकगीतांचे वेगळ्या धाटणीचे गट उभे राहिले (विल्नियस विद्यापीठाचा 'रातिल्यो' 1968 चा), आणि खेड्यातला माणूस रविवारी खरोखर काय घालून चर्चला जायचा, हे लोक पुन्हा विचारू लागले. मला त्या प्रश्नाचं उत्तर शिवायचं आहे.

आजचा निर्णय प्रदेशाचा. लिथुआनियाचे पोशाखाच्या हिशेबाने पाच भाग धरतात: ईशान्येला आउक्श्टाइतिया, वायव्येला झेमाइतिया, आग्नेयेला ड्झूकिया, नैऋत्येला सुवाल्किया आणि समुद्राकडचा क्लाइपेदाचा पट्टा, म्हणजे छोटी लिथुआनिया. एका भागाचा सदरा, दुसऱ्या भागाची बंडी आणि तिसऱ्याचं पादत्राण अशी खिचडी करायची नाही, हा पहिला नियम. सासूबाईंचं माहेर कुपिश्किसकडचं, सासरे उतेनाचे. दोन्ही आउक्श्टाइतियातच, तेव्हा वाद मिटला. या भागाच्या कपड्यात पांढरा आणि फिका रंग जास्त. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला तेही सोयीचं.

26 जानेवारी

आठवडाभर संग्रहालयांच्या सूची आणि फोटो चाळतेय. स्त्रियांचे घागरे, एप्रन, चोळ्या, डोक्याची वस्त्रं पानांमागून पानं. पुरुषांचं आलं की चार सदरे, दोन बंड्या, एखादा कोट.

कारण साधं आहे. सणाचे कपडे बायका हुंड्याच्या पेटीत जपून ठेवत आणि लेकीला देत. पुरुषाचा सदरा मात्र जुना झाला की शेतात जाई, तिथून पायाला गुंडाळायच्या पट्ट्यांत आणि शेवटी चिंध्यांत. शिवाय 1861 ला भूदासपण, म्हणजे शेतकऱ्याने जमीनदाराला बांधलेलं असणं, संपल्यावर हातात पैसा आला तेव्हा शहरी कापड आणि शहरी काट आधी पुरुषांनी उचलला. बाजारहाट, लष्करातली नोकरी, शहरात ये-जा, हे सगळं त्यांच्याकडेच होतं. सुवाल्कियात तर हे आणखी लवकर, कारण नेपोलियनच्या काळात, 1807 मध्येच, तिथल्या शेतकऱ्यांना व्यक्तिस्वातंत्र्य मिळालं होतं.

म्हणून आज ज्याला आपण पुरुषाचा 'तौतिनिस कोस्त्युमास', राष्ट्रीय पोशाख म्हणतो, तो बहुतांशी एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू शेतकऱ्याचा सणाचा वेश. उरलेल्या थोड्या कपड्यांवरून आणि जुन्या चित्रांवरून पुन्हा उभा केलेला. 1930 च्या दशकात अंतानास आणि अनास्ताझिया तामोशाइतिस या विणकर जोडप्याने खेड्यापाड्यांतून कापडं, नमुने, माहिती गोळा केली नसती, तर हाती आणखीच कमी लागलं असतं. ते दोघं पुढे कॅनडात स्थायिक झाले आणि तिथेही विणत राहिले.

नवऱ्याला ही रिकामी जागा भरतकामाने भरायची आहे. 'पाठीवर सूर्य काढ, छातीवर ओकची पानं.' मी नाही म्हटलंय. सगळं काम कापडात आणि काटात दिसलं पाहिजे. नक्षीला जागा एकच, कमरेचा पट्टा.

त्याने पितळी कड्यांचा एक कमरपट्टाही इंटरनेटवर हेरून ठेवला होता. तो हजार वर्षांपूर्वीच्या बाल्टिक थडग्यांत सापडलेल्या दागिन्यांवरून बनवलेला आहे. तो पोशाखही इथे लोक हौसेने घालतात, पण त्याचं घराणं निराळं. वर बंडी आणि खाली पितळेच्या साखळ्या म्हणजे दोन काळांची टक्कर.

9 फेब्रुवारी

लिनन आलं. साधी वीण, चौरस मीटरला 190 ग्रॅम, धुतलेलं पण न रंगवलेलं पांढरट. पांढरंशुभ्र रासायनिक ब्लीच केलेलं कापड मुद्दाम टाळलं. जुनं लिनन गवतावर उन्हात पसरून पांढरं करत, त्याचा रंग दुधासारखा येतो, नीळ घातल्यासारखा नाही.

कापायच्या आधी गरम पाण्यात धुतलं. 50 सेंटिमीटरचा चौकोन पेनाने आखून ठेवला होता, तो वाळल्यावर उभ्या धाग्यात 47.5 भरला. म्हणजे मीटरमागे पाच सेंटिमीटर गेले. न धुता बेतलं असतं तर पहिल्या धुण्याला मनगटं उघडी पडली असती. कापड किंचित ओलसर असतानाच इस्त्री केली. लिनन पूर्ण वाळलं की त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नसतो.

23 फेब्रुवारी

आज सदरा बेतला. या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला दिवस, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या सदऱ्याला खांद्यावर शिवण नाही. कापडाची एक लांब पट्टी खांद्यावरून पुढे-मागे सोडायची, मध्ये गळ्याचा छेद आणि छातीवर उभी चीर. बाह्या म्हणजे दोन सरळ आयत. काखेत चौकोनी कळी. सगळे तुकडे सरळ रेषेत कापलेले, वाया काही जात नाही. आपल्याकडची जुनी पैरण ज्यांनी उसवून पाहिली असेल, त्यांना हा नकाशा ओळखीचा वाटेल. कापड घरी विणायचं आणि त्यासाठी अळशी स्वतः पेरायची, तर गोलाई कापून चिंध्या करणं कुणालाही परवडणार नाही.

घरच्या मागाचा पन्हा जेमतेम 60-70 सेंटिमीटर. माझं कापड 150 चं. ते मी आधी उभं फाडून 70 ची पट्टी काढली, म्हणजे शिवणी जिथे पडायच्या तिथेच पडतात. पूर्ण पन्ह्यावर आधुनिक शर्टासारखं बेतलं तर सदरा अंगावर वेगळाच पडतो, आणि का ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

मापं: छाती 104, धडाची पट्टी 70, म्हणजे घेर 140. खांद्याचं माप 46, तेव्हा दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटिमीटर कापड दंडावर उतरतं. बाहीची लांबी त्यामुळे 62 ऐवजी 50 धरायची. आयत 50 लांब, 50 रुंद, मनगटाकडे चुण्या घालून 6 सेंटिमीटरच्या कफात बसवला. कळी 14 ची, तिरकी लावली. ती नसेल तर हात वर करताना पूर्ण सदरा वर येतो, आणि गाणारा माणूस हात वर करतोच. खांद्यावर आतून अस्तराची पट्टी, कारण पहिल्यांदा विरतो तो खांदा.

गळ्याभोवती बारीक चुण्या, त्यावर उभी कॉलर 41 ची. छातीची चीर 28 सेंटिमीटर, खाली आडवे चार हातटाके म्हणजे फाटत नाही. बटणं लिननच्या दोऱ्याने मढवलेली. बंद गळ्याच्या कॉलरवर पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याची एक ओळ काढली, कफावर तशीच. नवरा म्हणाला, 'दिसतच नाही.' जवळ आलेल्या माणसाला दिसेल.

लांब सरळ शिवणी मशीनवर, दुमडून दुसरी शिवण हाताने. कॉलर, कफ, चीर पूर्ण हाताने. मशीनचा टाका बाहेरून कुठेही दिसत नाही, तेवढ्यावर मी माझ्यापुरती तडजोड केली.

8 मार्च, विल्नियस

काझ्युकोची जत्रा. संत काझिमिएरासच्या दिवसाच्या, 4 मार्चच्या आसपास विल्नियसचे जुने रस्ते कारागिरांनी भरून जातात. वाळक्या फुलांच्या रंगीत काठ्या, लाकडी चमचे, टोपल्या, पाव. गर्दी अशी की पिशवी पोटाशी धरून चालावं लागतं.

आम्ही पट्ट्यासाठी, युओस्तासाठी गेलो होतो. बऱ्याच टपऱ्यांवर मशीनचे पट्टे मीटरवर मिळतात, ते ओलांडून पुढे गेलो. एका विणकर बाईंकडे राष्ट्रीय वारशाच्या उत्पादनाचं प्रमाणपत्र लावलेलं होतं (2007 च्या कायद्याने अशी तपासणी होते). त्यांनी पट्टा दाखवायच्या आधी विचारलं, 'कुठलं गाव?' कुपिश्किस म्हटल्यावर समोरच्या गठ्ठ्याला हात न लावता त्यांनी खालचा डबा काढला.

पट्टे विणायच्या पद्धती बऱ्याच: वेणीसारखे गुंफलेले, चौकोनी पाट्यांना भोकं पाडून त्या फिरवत विणलेले, आणि नक्षीचे धागे बोटांनी किंवा काडीने उचलून विणलेले, म्हणजे 'रिंक्तिने'. आम्ही शेवटच्या जातीचा घेतला. पाया पांढऱ्या लिननचा, नक्षी लाल आणि हिरव्या लोकरीची, रुंदी साडेपाच सेंटिमीटर, लांबी झालरीसकट 2 मीटर 80. नक्षीत दाताळं, तारे, छोटी सूचिपर्णी झाडं एकामागून एक येतात, आणि जुन्या पट्ट्यांत असतो तसा क्रम मध्येच बदलतो. मशीनच्या पट्ट्यात तो कधी बदलत नाही. असली-नकली ओळखायची मला ही सर्वांत सोपी खूण वाटली.

बाईंनी एक गोष्ट सांगितली ती नवऱ्याला पटली: नवरी लग्नात सासरच्या माणसांना असे पट्टे वाटायची, त्यामुळे पुरुषाच्या कमरेला असलेली नक्षी कुणा ना कुणा बाईच्या हातची असायची. 'तुम्ही विकत घेताय, हरकत नाही,' असं म्हणून माझ्याकडे बघून हसल्या. पुढच्या हिवाळ्यात शिकायला बोलावलंय.

पाठीवरच्या सूर्याचा विषय आज संपला.

30 मार्च

विजार झाली. करडं कापड, लिननचा ताणा आणि लोकरीचा बाणा, तिरपी वीण. काट सरळ, मांडीला सैल, पोटरीकडे थोडी निमुळती, कारण ती बुटात खोचायची आहे. पुढे बटणं. चेन नाही. खिसे आत, बाजूच्या शिवणीत. मोबाइल ठेवायला जागा लागतेच, तिथे मी इतिहासाशी भांडले नाही.

बंडीचं कापड गडद निळं, त्यात बारीक तपकिरी रेघा, उभ्या. पुढे एक रांग बटणांची, कमरेखाली चार बोटं लांब. पाठ साध्या लिननची.

12 एप्रिल

वृंदातल्या दोघांनी विचारलं: पूर्ण पोशाख करायला वेळ नाही, पैसेही नाहीत, तर अर्धा चालेल का?

माझं मत असं: चालेल, पण अर्धा पोशाख हा पोशाख म्हणून घालू नये. इथे पुरुष ऑफिसच्या सुटावर विणलेल्या पट्टीचा टाय लावतात, 16 फेब्रुवारीला आणि 11 मार्चला, म्हणजे दोन्ही स्वातंत्र्यदिनांना तर हटकून. छान दिसतो. चांगला लिननचा सदरा जीन्सवरही चालतो, कारण तो मुळात सदराच आहे. हिवाळ्यात मनगटावर विणलेल्या, मणी गुंफलेल्या 'रिएशिनेस' घालणारे पुरुषही दिसतात. पण स्नीकर्सवर बंडी, पट्टा आणि टोपी चढवली की ते स्नेहसंमेलन होतं. जे घालाल ते चांगल्या कापडाचं घाला आणि उरलेलं साधं ठेवा.

2017 साल संसदेने राष्ट्रीय पोशाखाचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. सासरे सांगतात, तेव्हापासून शिवून घेणारे वाढले. पुरुष अजून मागे आहेत, हे मात्र त्यांनी डोळे मिचकावून जोडलं. त्यांचा स्वतःचा अजून झालेला नाही.

4 मे, रुमशिश्केस

खुल्या आवारातलं लोकजीवन संग्रहालय. 1966 ला स्थापना, 1974 ला लोकांसाठी उघडलं, कौनसपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. प्रदेशाप्रदेशाची घरं मूळ गावातून उचलून इथे उभी केली आहेत, आणि एका भागातून दुसऱ्यात चालत जाता येतं. इथे मातृदिन मेच्या पहिल्या रविवारी असतो, त्यामुळे सासूबाईंना घेऊन आलो. खरं कारण पादत्राण होतं.

पादत्राणावर घरात एकमत नाही. पर्याय असे. लिंडनच्या सालीचे विणलेले 'वीझोस', गरिबाचे आणि कामाचे. एकाच चामड्याच्या तुकड्याला कडेने दोरी ओवून पायाभोवती आवळलेले 'नागिनेस', आत पायाला लिननच्या पट्ट्या आणि वर पोटरीवर दोरीचा फुलीफुलीचा विळखा. लाकडी 'क्लुम्पेस', जे झेमाइतिया आणि सुवाल्कियाकडे जास्त. आणि उंच चामडी बूट, म्हणजे ऐपतीची खूण. बूट इतके जपायचे की चर्चपर्यंत अनवाणी यायचं आणि जवळ आल्यावर ते पायात चढवायचे.

नवऱ्याला नागिनेस हवे होते, दिसायला वेगळे म्हणून. सासूबाईंचं म्हणणं, 'सणाला जातोयस की गवत कापायला?' घोट्यावरच्या पट्ट्या नीट बांधायला पंधरा मिनिटं लागतात आणि डांबरी रस्त्यावर पातळ चामड्यातून प्रत्येक खडा लागतो, हे त्याने वाड्यांमधल्या वाटेवर दुसऱ्याचे घालून बघितल्यावर उंच काळे बूट ठरले. जुन्या घोडेस्वारीच्या बुटांची जोडी दुरुस्त करून घेऊ. टाच सपाट हवी, बकल काढून टाकायची.

टोपी: उन्हाळ्याला गवताची, रुंद कडेची. तरण्या पोरांनी तिला रिबीन, फूल किंवा पीस खोचायचं. नवरा बेचाळीस वर्षांचा आहे. रिबीन पुरे.

25 मे

पूर्ण पोशाख अंगावर घालून पहिली तपासणी. सासरे खुर्चीत, मी टाचण्या घेऊन खाली.

पट्टा कुठे बांधायचा यावर तासभर गेला. जुन्या पद्धतीत सदरा विजारीबाहेर सोडून वरून पट्टा बांधत, पुढे सदरा आत खोचायची रीत आली. आमच्यापुरतं ठरलं असं: बंडी नसेल तेव्हा सदरा बाहेर, त्यावर पट्टा. बंडी असेल तेव्हा सदरा आत, पट्टा विजारीच्या कमरेवर आणि बंडीखालून फक्त टोकं लोंबती. कमरेभोवती दोन वेढे, गाठ बाजूला, टोकं गुडघ्याच्या वर थांबली पाहिजेत. बरोबर पोटावर मधोमध गाठ आली की माणूस भेटवस्तूच्या खोक्यासारखा दिसतो.

बाकी सूचना सासऱ्यांच्या: घड्याळ काढ. गॉगल काढ. छातीवरचा वृंदाचा बिल्ला काढ. गळ्यात अंबरचे मणी नकोत, ते बायकांचे. कॉलरचं वरचं बटण लाव. आणि उभा राहा असा, जसा रोज हेच घालतोस. शेवटची सूचना सर्वांत अवघड गेली. म्हणून जूनभर रविवारी दुपारी त्याने सदरा आणि विजार घरातच घालून वावरायचं ठरवलं. बटाटेही त्यातच सोलायचे.

24 जून

काल योनिनेसची, म्हणजे उन्हाळ्यातल्या संत योनासच्या सणाची रात्र, मित्राच्या शेतावर. शेकोटी, गाणी, ज्यांचं नाव योनास त्यांच्या डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, बायकांच्या डोक्यावर रानफुलांचा.

कपड्याची खरी परीक्षा इथेच झाली. सदऱ्यावर ठिणगी पडून बारीक भोक पडलं. लिनन होतं म्हणून तेवढ्यावर भागलं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटलं असतं. दवात गुडघ्यापर्यंत भिजलेली विजार पहाटेपर्यंत अंगावरच वाळली, चिकटली नाही. काखेतल्या कळीमुळे तो शेकोटीवरून उडी मारताना सदरा जागचा हलला नाही. गवताचे डाग पाठीवर आहेत, ते काढायची मला घाई नाही. भोकाला आतून तुकडा लावून रफू केलं.

लोकांनी फोटो काढले, पण मला आवडलं ते दुसरंच: मध्यरात्रीनंतर कुणी त्याच्या कपड्यांकडे बघत नव्हतं.

7 जुलै

काल राज्यदिन. 1253 सालच्या मिन्दौगास राजाच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून 6 जुलै. 2009 पासून या दिवशी रात्री नऊला जगभरचे लिथुआनियन लोक एकाच वेळी राष्ट्रगीत म्हणतात. नऊ वाजायला दोन मिनिटं असताना सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. गवताची टोपी छातीशी धरून गायचं म्हणजे पट्टा झाकला जातो, आणि आमची सगळी नक्षी तिथेच. टोपी डाव्या हातात, खाली. पुढच्या वेळी वृंदाला आधीच सांगून ठेवायचं.

एका रांगेत सगळे वेगवेगळे दिसत होते: कुणाची बंडी चौकटीची, कुणाची रेघांची, एक झेमाइतियाचा लाकडी बुटांत खडखडत आलेला. भाड्याच्या पोशाखात हे कधीच दिसलं नसतं. दोघं टाय लावून आले होते. शोभून दिसत होते.

सांभाळण्याच्या नोंदी, पुढे लागतील म्हणून: सदरा 40 अंशांत, साध्या साबणाने, ओलसर असताना इस्त्री. पट्टा धुवायचा नाही, लाल लोकर रंग सोडेल, नुसता सावलीत हवेवर टाकायचा आणि गुंडाळी करून ठेवायचा, घडी नाही, घडीवर धागे तुटतात. बंडी आणि विजार कापडी पिशवीत, कसर लागू नये म्हणून आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये. बुटांत कागद.

राहिलेलं काम: सेर्मेगा, म्हणजे लांब लोकरी कोट. 16 फेब्रुवारीला उणे तापमानात नुसत्या बंडीवर उभं राहता येणार नाही. त्याला मीलस लागतं, लोकर विणून मग गरम पाण्यात तुडवून घट्ट केलेलं जाड कापड. करडं, न रंगवलेलं. साडेतीन मीटर एका विणकराकडे सांगितलंय, सप्टेंबरात मिळेल. ते उसवत नाही, त्यामुळे कडा दुमडाव्या लागणार नाहीत, पण मशीनच्या सुईला झेपेल असं वाटत नाही. जाड सुया आणि मेण लावलेला दोरा आणायचा आहे. सासऱ्यांनीही मापं देऊन ठेवली आहेत, कागदावर लिहून, फ्रिजवर चिकटवून.